शोध-एपीआयमधले सॉर्टचे पर्याय: ‘ळ’, रिकाम्या किमती आणि दुसऱ्या पानावरचं तेच पुस्तक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुस्तकविक्रीच्या साइटसाठी दीड लाख पुस्तकांची यादी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहे, शब्दशोध इलॅस्टिकसर्च या शोध-इंजिनावर चालतो, आणि एपीआयला (फ्रंटएंड ज्यातून सर्व्हरकडे डेटा मागतो त्याला) ‘सॉर्ट’ व ‘दिशा’ असे दोन पॅरामीटर आहेत. फ्रंटएंड कॉलमचं नाव पाठवतो, तुम्ही ते क्वेरीत क्रम सांगणाऱ्या ऑर्डर बायला जोडता. तक्रारी तीन आहेत. ‘जास्त किंमत आधी’ लावलं की किंमतच नसलेली पुस्तकं वर येतात. नावानुसार लावलं की ‘ळ’ आणि ‘ज्ञ’ भलत्याच जागी जातात. आणि पहिल्या पानावरचं पुस्तक दुसऱ्या पानावर पुन्हा दिसतं. शिवाय उद्या नवा पर्याय हवा झाला तर दर वेळी कोडला हात लावावा लागू नये, अशी इच्छा आहे.

या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. तुम्ही सॉर्टचा पर्याय म्हणजे कॉलमचं नाव असं धरलंय. ग्राहक ‘कमी किंमत आधी’ म्हणतो तेव्हा तो एक पूर्ण क्रम मागत असतो: किंमत नसेल तर काय, किंमत सारखी असेल तर काय, आणि हा क्रम पुढच्या पानावर गेल्यावरही तसाच राहील ना. यातलं एकही उत्तर कॉलमच्या नावात नसतं. ते कुणीतरी ठरवून कुठेतरी लिहून ठेवावं लागतं, आणि ती जागा सर्व्हरवर असते.

म्हणून पहिलं काम: फ्रंटएंडकडून कॉलम घेणं बंद करा आणि नाव दिलेले पर्याय घ्या. तुमच्या यादीसाठी मी असं कॉन्फिग लिहीन:

किंमत_कमी: विक्री_किंमत चढता, रिकाम्या शेवटी, मग आयडी चढता
किंमत_जास्त: विक्री_किंमत उतरता, रिकाम्या शेवटी, मग आयडी उतरता
नवीन: प्रकाशन_दिनांक उतरता, रिकाम्या शेवटी, मग आयडी उतरता
अकारविल्हे: सॉर्ट_नाव चढता, मराठी कोलेशनने (अक्षरांचा क्रम ठरवणाऱ्या नियमांनी); मग आयडी चढता
समर्पक: स्कोअर (शोधशब्दाशी जुळण्याचे गुण) उतरता, मग आयडी उतरता, फक्त शोधशब्द दिलेला असेल तेव्हाच

हे यॅमल फाइलमध्ये ठेवा नाहीतर कोडमधल्या एका नकाशात. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. डेटाबेसच्या टेबलात मात्र ठेवू नका. सॉर्टचा पर्याय वाढला की सोबत इंडेक्सही (त्या क्रमाने आधीच लावून ठेवलेली सूची) लागतो, आणि इंडेक्स रिलीजबरोबर जातो. ॲडमिन पॅनलमधून कुणी दुपारी तीन वाजता नवा पर्याय ‘चालू’ करावा अशी ही गोष्ट नाही. पर्यायांची यादी देणारा एक छोटा एंडपॉइंट ठेवा, त्यात की आणि दाखवायचं लेबल दोन्ही द्या, आणि ड्रॉपडाउन त्यावरून बनवायला सांगा. म्हणजे उद्या ‘नवीन’चं लेबल ‘नुकतीच आलेली’ झालं तरी की बदलत नाही, आणि लोकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या जुन्या लिंकही चालत राहतात.

अनोळखी की आली तर ४००, म्हणजे ‘विनंती चुकीची’ हा एरर कोड, परत करा. गुपचूप डीफॉल्ट लावू नका. एपीआय कसे असावेत ते सांगणाऱ्या जेसन-एपीआयच्या स्पेसिफिकेशनमध्येही हेच आहे: मागितलेलं सॉर्टिंग जमत नसेल तर सर्व्हरने ४०० दिलीच पाहिजे. मी एका ठिकाणी ‘सौजन्य’ म्हणून डीफॉल्ट लावत होतो. मोबाइल ॲपमध्ये कुणीतरी कीचं स्पेलिंग चुकवलं होतं, आणि कित्येक महिने ‘कमी किंमत’ दाबणाऱ्या प्रत्येकाला समर्पकतेचा क्रम मिळत होता. एररच येत नव्हती, तर कळणार कुठून?

कॉलमचं नाव थेट जोडण्यातला इंजेक्शनचा (बाहेरून आलेल्या मजकुरातून क्वेरीत घुसखोरीचा) धोका तुम्हाला माहीत असेलच. त्यावर काही जण प्लेसहोल्डर लावतात, म्हणजे नावाच्या जागी खूण ठेवून व्हॅल्यू वेगळी बाइंड करतात, आणि गोंधळात पडतात. ऑर्डर बायच्या जागी बाइंड केलेली व्हॅल्यू ही पोस्टग्रेसच्या लेखी एक स्थिर मजकूर असते. प्रत्येक ओळीसाठी तोच मजकूर, म्हणजे सॉर्टिंग शून्य, आणि वर एररही नाही. त्यापेक्षा कमी बोलला जाणारा धोका म्हणजे गळती. कॉलम रिस्पॉन्समध्ये दाखवत नसलात, तरी त्यावर सॉर्ट करू दिलंत की त्याचा क्रम बाहेर पडतो. समजा ‘खरेदी_किंमत’ कुठेही दिसत नाही, पण पॅरामीटरमधून त्यावर सॉर्ट होतं. मग ज्या चार पुस्तकांची खरेदी किंमत मला आधीच माहीत आहे ती यादीत कुठे बसली ते पाहून बाकीच्यांचा अंदाज मी आरामात बांधू शकतो. नाव दिलेल्या पर्यायांनी हे दोन्ही धोके एका फटक्यात जातात.

आता दुसऱ्या पानावरचं तेच पुस्तक. तुमच्या यादीत २०० रुपयांची किती पुस्तकं असतील? शेकड्यांनी. ‘ऑर्डर बाय विक्री_किंमत’ एवढंच सांगितलं तर या शेकडो पुस्तकांचा आपसातला क्रम डेटाबेसवर सोडला जातो, आणि डेटाबेस त्याबद्दल काहीही कबूल करत नाही. पान एकची क्वेरी वीस ओळींचा ढीग बांधून निघते, पान तीनसाठी प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा डेटाबेसचा भाग) वेगळा रस्ता धरू शकतो, मध्येच कुणी ओळ अपडेट केली तर ती टेबलात दुसरीकडे जाते. एक पुस्तक दोनदा येतं, आणि दुसरं एखादं कुठेच येत नाही. दोनदा आलेलं लोक पाहतात आणि तक्रार करतात. गायब झालेल्याची तक्रार कोण करणार? तोटा मात्र त्याचाच असतो. उपाय म्हणजे वरच्या प्रत्येक पर्यायाच्या शेवटी असलेला आयडी. तो कॉन्फिगमध्ये लिहायला विसरला तर कोडने आपोआप जोडावा. मी तर आयडीशिवायचा पर्याय ॲप सुरू होतानाच नाकारतो.

इलॅस्टिकसर्चमध्ये हीच व्याधी जरा वेगळ्या रूपात दिसते. स्कोअर सारखा असलेल्या नोंदींचा क्रम शार्डच्या (इंडेक्सच्या एका तुकड्याच्या) अंतर्गत क्रमांकावर ठरतो, आणि तो मूळ शार्ड व त्याची प्रत यांत सारखा असेलच असं नाही. एकच माणूस तीच क्वेरी दोनदा करतो, एकदा उत्तर या प्रतीकडून येतं, एकदा त्या. निकाल उड्या मारतात. इथेही बरोबरी फोडायला आयडीचा टायब्रेकर लावा, पण अंडरस्कोअर-आयडी या अंतर्गत फील्डवर सॉर्ट करू नका, ते मेमरी खातं. आयडीची प्रत वेगळ्या कीवर्ड किंवा लाँग फील्डमध्ये ठेवा. सोबत ‘प्रेफरन्स’मध्ये सेशनची खूण पाठवलीत तर एका माणसाच्या क्वेऱ्या शक्यतो त्याच प्रतींकडे जातात.

ऑफसेटने (‘इतक्या ओळी सोडून पुढच्या द्या’ असं सांगून) पानं उलटणं पहिल्या दहा-वीस पानांपुरतं चालतं. पुढे इलॅस्टिकसर्च डीफॉल्टने १०,००० च्या पलीकडे जाऊच देत नाही, आणि पोस्टग्रेस जाऊ देतो, पण आधीच्या सगळ्या ओळी मोजून फेकत बसतो. ‘अजून दाखवा’ असं बटण असेल तर शेवटच्या ओळीची व्हॅल्यू धरून पुढे जा: जिथे किंमत-आयडीची जोडी (२००, ४५११) पेक्षा मोठी, तिथून पुढच्या वीस. इलॅस्टिकसर्चमध्ये याला सर्च-आफ्टर म्हणतात. पोस्टग्रेसमध्ये जोडीची तुलना लिहिता येते, पण दोन्ही फील्डची दिशा एकच असेल तरच. म्हणूनच वर ‘किंमत_जास्त’मध्ये आयडीही उतरता ठेवला आहे, ती हौस नव्हे. आणि पुढचं पान मागताना ॲप जी खूण परत पाठवतं त्या टोकनमध्ये पर्यायाची की घाला. ग्राहक मधेच ‘नवीन’वरून ‘किंमत_कमी’वर गेला आणि ॲपने जुनंच टोकन पाठवलं, तर तारखेची तुलना किमतीशी करण्यापेक्षा ४०० बरा.

रिकाम्या किमती. पोस्टग्रेस नलला, म्हणजे रिकाम्या जागेला, सगळ्यात मोठं मानतो: चढत्या क्रमात शेवटी, उतरत्यात सगळ्यात वर. मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर नेमके उलट, तिथे नल सगळ्यात लहान. म्हणून ‘डीफॉल्टने काय होतं’ यावर कधीच विसंबू नये. प्रत्येक पर्यायात ‘रिकाम्या शेवटी’ हे लिहिलेलंच असावं. पोस्टग्रेसमध्ये नल्स लास्ट आहे, एसक्यूलाइटमध्ये ३.३० पासून आला, मायएसक्यूएलमध्ये नाही. तिथे आधी ‘किंमत नल आहे का’ यावर आणि मग किमतीवर सॉर्ट करावं लागतं. इलॅस्टिकसर्च ‘मिसिंग’ न सांगताही रिकाम्या नोंदी दोन्ही दिशांना शेवटी ठेवतो, त्यामुळे तुमची तक्रार फक्त पोस्टग्रेसवरून येणाऱ्या यादीत दिसत असणार.

इथे एक खाच आहे, आणि त्यात मी स्वतः पडलोय. किमतीवर साधा इंडेक्स आहे, उतरता क्रम हवा असेल तर पोस्टग्रेस तोच उलटा वाचतो, हे आपल्याला ठाऊक असतं. पण साधा इंडेक्स उलटा वाचला की नल पहिले येतात. म्हणजे ‘उतरता, नल शेवटी’ या मागणीला तो इंडेक्स उपयोगाचा नाही, आणि प्लॅनर मुकाट्याने सगळं टेबल वाचायला घेतो. ‘विक्री_किंमत डीईएससी नल्स लास्ट, आयडी डीईएससी’ असा वेगळा इंडेक्स लागतो. शिवाय जोडीच्या तुलनेत नल आला की उत्तरही नल येतं, म्हणजे त्या ओळी पुढच्या पानांवर कधीच उगवत नाहीत. मी अशा वेळी किंमत असलेली पुस्तकं आधी संपवतो, आणि संपली की दुसरी क्वेरी किंमत नसलेल्यांची, फक्त आयडीच्या क्रमाने. टोकनमध्ये आपण कोणत्या टप्प्यात आहोत याची एक खूण ठेवायची, इतकंच.

आणि किंमत ठरली नाही म्हणून कुणी शून्य टाकून ठेवलंय का, तेही बघून घ्या. असतंच.

आता ‘ळ’. हा भाग मी जरा लांबवणार आहे, कारण इंग्रजी ट्युटोरियलमध्ये तो सापडत नाही.

युनिकोडमध्ये देवनागरीचा ब्लॉक ०९०० ते ०९७एफ असा १२८ जागांचा आहे. त्यात ल ०९३२ वर, ळ ०९३३ वर आणि व ०९३५ वर. म्हणजे ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसलाय. डेटाबेस ‘सी’ कोलेशनने बनला असेल तर तो बाइटच्या क्रमाने लावतो, आणि यूटीएफ-८ मध्ये बाइटचा क्रम म्हणजेच युनिकोडचा क्रम. त्यामुळे तुमच्याकडे काळोख, कावळा, काशी, काहूर असं येतं. शाळेत शिकलेल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर, म्हणून ग्रंथपालाला हवं असतं कावळा, काशी, काहूर, काळोख. क्ष आणि ज्ञ यांना तर युनिकोडमध्ये स्वतःची जागाच नाही. ‘ज्ञान’ म्हणजे ज, हलन्त आणि ञ, त्यामुळे ते ज मध्ये, ‘ज्येष्ठ’च्या थोडं आधी पडतं. आणि ॲ हे अक्षर युनिकोड ५.१ मध्ये, २००८ साली आलं, त्याला ०९७२ ही जागा मिळाली. म्हणून बाइटच्या क्रमात ‘ॲ’ने सुरू होणारी नावं ह च्याही खाली, यादीच्या तळाशी जातात. तुमच्या यादीत ती तिथेच असतील, जाऊन बघा.

उपाय आयसीयू कोलेशन, म्हणजे युनिकोडच्या आयसीयू लायब्ररीतले भाषावार क्रमाचे नियम. पोस्टग्रेसमध्ये तो १० व्या आवृत्तीपासून आहे. ‘मराठी’ नावाचं कोलेशन बनवा, प्रोव्हायडर आयसीयू, लोकेल एमआर. मराठीच्या नियमांत ळ, क्ष, ज्ञ हे ह नंतर येतात. लोकेलपुढे दोन पर्याय जोडण्यासारखे आहेत. ‘केएन’ लावला की अंकांचे गट संख्या म्हणून वाचले जातात, म्हणजे ‘खंड १०’ हा ‘खंड २’च्या आधी येत नाही, अंक देवनागरी असोत वा इंग्रजी, दोन्ही चालतात. ‘केआर’ने लिप्यांचा क्रम सांगता येतो: आधी देवनागरी, मग रोमन. मराठी दुकानात रोमन नावांची पुस्तकं आधी दिसली की मालक फोन करतोच.

मग एक चाचणी लिहा. आठच शब्द: कमळ, कावळा, काहूर, काळोख, जहाज, हळद, क्षमा, ज्ञान. ते उलटसुलट करून टाका आणि याच क्रमाने परत येतात का ते पाहा. ही चाचणी सीआयमध्ये (दर बदलाला आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत) कायमची ठेवा, कारण आयसीयूची आवृत्ती सर्व्हरबरोबर बदलते. आणि ती ज्या सर्व्हरवर चालेल तो प्रॉडक्शनसारखाच असू द्या. लॅपटॉपवरचा हिरवा दिवा इथे काही सांगत नाही. चाचणी पडली, किंवा संपादकाला वेगळाच क्रम हवा असेल, तर पोस्टग्रेस १६ पासून कोलेशन बनवताना स्वतःचे नियमही देता येतात. नियम एका ओळीचा असतो: ‘&ह<ळ<क्ष<ज्ञ’. याचा अर्थ, ह नंतर ळ, त्यानंतर क्ष, त्यानंतर ज्ञ.

संपादकाचं नाव मी उगाच काढलं नाही. काही कोश क्ष आणि ज्ञ यांना क आणि ज यांच्या पोटातच ठेवतात, आणि अनुस्वाराच्या जागेबद्दलही सगळ्यांचं एकमत नाही. हा निर्णय प्रोग्रामरने घेऊ नये. ज्याच्याकडे छापील सूची बनवायचं काम आहे त्याला विचारा, आणि त्याचं उत्तर वरच्या चाचणीतच लिहून ठेवा. मागे एका सूचीवर मी ‘माझा क्रम प्रमाण आहे’ असं छातीठोक सांगितलं. समोरचे आजोबा चाळीस वर्षं कार्ड लावत होते. त्यांनी शांतपणे ड्रॉवर उघडून दाखवला. पुढे काय बोलणार?

कोलेशन नीट असूनही नावं चुकीच्या जागी दिसतात, त्याचं कारण बहुधा नावांतच असतं. आयसीयू डीफॉल्टने विरामचिन्हं मोजतो, आणि ती अक्षरांच्या आधी येतात. त्यामुळे अवतरणचिन्हाने सुरू होणारी सगळी नावं वर गोळा होतात. डेटा एंट्रीत पुढे सुटलेली स्पेसही तेच करते. दुसरं म्हणजे एकच शब्द दोन प्रकारे टाइप झालेला असतो. ‘दऱ्या’मधला अर्धा र काही कीबोर्ड ‘ऱ’ आणि हलन्त असा टाकतात, काही साधा र, हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर असा. डोळ्याला दोन्ही सारखे, बाइटच्या हिशेबात दोन वेगळे शब्द. ॲ तसाच: कुणी ०९७२ वापरतो, कुणी अ वर चंद्र देतो, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन या दोघांना एक करत नाही, कारण ते त्याच्या लेखी समान नाहीतच.

म्हणून मूळ नावावर कधीच सॉर्ट करू नका. वेगळा ‘सॉर्ट_नाव’ कॉलम ठेवा. त्यात पुढची चिन्हं आणि स्पेस काढलेल्या, अर्धा र एकाच पद्धतीने, ॲ एकाच पद्धतीने, एनएफसी (युनिकोडचं एक नॉर्मलायझेशन) केलेलं. लेखकांसाठी असाच दुसरा कॉलम: आडनाव आधी, आणि ‘डॉ.’, ‘प्रा.’, ‘कै.’ काढून. हे सगळं ओळ सेव्ह होतानाच करा. आडनाव नियमाने ओळखायच्या भानगडीत पडू नका. ज्यांनी टोपणनावाने लिहिलं त्यांच्यापाशी तुमचा नियम हमखास गळपटतो, आणि दुरुस्तीला माणूसच लागतो. त्यापेक्षा संपादकाला ते फील्ड हाताने बदलता येईल अशी सोय द्या.

इंडेक्सही त्याच कोलेशनने बनवा. ‘सॉर्ट_नाव कोलेट मराठी’ असा ऑर्डर बाय आणि इंडेक्स डीफॉल्ट कोलेशनचा, असं असेल तर तो इंडेक्स क्रमासाठी वापरलाच जात नाही.

सर्व्हर अपग्रेड करताना याच जागी लोक मार खातात. क्रमाचे नियम डेटाबेसच्या बाहेर, ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायब्ररीत असतात. लिनक्सच्या ग्लिबसी या लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत, २०१८ साली, ते मोठ्या प्रमाणावर बदलले, आणि ज्यांनी जुन्या लिनक्सवरची डेटा डिरेक्टरी उचलून नव्या लिनक्सवर ठेवली त्यांचे मजकुराचे इंडेक्स खराब झाले: ओळ टेबलात आहे, इंडेक्समधून सापडत नाही, युनिक असूनही दुसरी घुसते. आयसीयू कोलेशनची आवृत्ती पोस्टग्रेस नोंदवून ठेवतो आणि ती जुळली नाही तर वॉर्निंग देतो. ती वॉर्निंग दिसली की आधी रीइंडेक्स (इंडेक्स नव्याने बांधणं), मग ‘रिफ्रेश व्हर्जन’ (नोंदवलेली आवृत्ती बदलणं). उलट्या क्रमाने केलंत तर वॉर्निंग तेवढी जाते, खराबी राहते.

इलॅस्टिकसर्चमध्ये मजकुराच्या फील्डवर सॉर्ट होत नाही, कीवर्ड फील्ड लागतं, आणि साधं कीवर्ड पुन्हा बाइटच्याच क्रमाने लावतं. आयसीयूचा ॲनालिसिस प्लगइन टाकून ‘आयसीयू कोलेशन कीवर्ड’ प्रकारचं उपफील्ड बनवता येतं; भाषा एमआर, न्युमरिक चालू. ते चालतं. पण आता तुमच्याकडे दोन आयसीयू झाले, एक पोस्टग्रेसचा, एक इलॅस्टिकसर्चचा, आणि त्यांच्या आवृत्त्या जुळतीलच असं नाही. शोधशब्द टाकला की एक क्रम, नुसती यादी चाळली की दुसरा.

दीड लाख ओळी ही लहान गोष्ट आहे, म्हणून मी इथे साधी युक्ती करतो. रोज रात्री पोस्टग्रेसमध्ये सगळी नावं मराठी कोलेशनने लावायची, प्रत्येकाला हजाराच्या पटीत क्रमांक द्यायचा (१०००, २०००, ३०००) आणि तो आकडा ‘अकारविल्हे_क्रमांक’ म्हणून इलॅस्टिकसर्चला पाठवायचा. तिथे सॉर्टिंग फक्त आकड्यांचं. दिवसा नवं पुस्तक आलं तर शेजारच्या दोन नावांच्या मधला आकडा द्यायचा. ळ कुठे बसतो हे एकाच जागी ठरतं. पन्नास लाख नोंदी असत्या तर मी हे सुचवलं नसतं.

तुम्ही विचारलं नाही, पण पुढच्या महिन्यात विचाराल अशी एक गोष्ट आहे. पूर्वी एका भांड्यांच्या दुकानासाठी शोध बांधला होता. समर्पकतेचा क्रम छान होता, ‘कुकर’ टाकलं की कुकर. मग ‘कमी किंमत आधी’ जोडलं, आणि ‘कुकर’च्या पहिल्या पानावर वीसच्या वीस शिट्ट्या आणि रबरी रिंगा. बग कुठेच नव्हता. वर्णनात ‘कुकरसाठी’ असा शब्द होता, म्हणजे त्या नोंदी शोधात बसत होत्याच, फक्त स्कोअर कमी म्हणून एरवी तिसाव्या पानावर लपायच्या. स्कोअर सोडून दुसऱ्या कशावरही सॉर्ट केलं की शोधाची सगळी गाळसाळ उघडी पडते. तुमच्याकडे ‘शब्दकोश’ शोधून किंमत_कमी लावलंत की शब्दकोशाचं प्लॅस्टिक कव्हर पहिलं येईल.

यावर मी दोन गोष्टी करतो. समर्पक सोडून बाकीच्या पर्यायांना शोध कडक ठेवतो: सगळे शब्द जुळलेच पाहिजेत, ते नावात किंवा लेखकात जुळले पाहिजेत, वर्णनातलं जुळणं मोजायचं नाही, आणि स्पेलिंगची सूट बंद. म्हणजे कॉन्फिगमध्ये प्रत्येक पर्यायाला ‘कडक की सैल’ असं आणखी एक फील्ड आलं. मग निकालांची संख्या समर्पकपेक्षा कमी दिसते, आणि कुणीतरी विचारतंच की सॉर्ट बदललं तर १४० चे ६० कसे झाले. म्हणून संख्येशेजारी ‘नावात जुळणारी’ असं लेबल द्या. दुसरा मार्ग म्हणजे स्कोअरचे ठोकळ पट्टे पाडून आधी पट्ट्यावर आणि मग किमतीवर लावणं. तो मी करून सोडून दिला. पहिल्या पट्ट्याच्या शेवटी ८०० रुपये आणि पुढच्याच ओळीत पुन्हा ४० रुपये दिसले की माणसाला सॉर्टच तुटलंय असं वाटतं.

समर्पक हा पर्याय शोधशब्द नसताना देऊ नका. सगळ्यांचा स्कोअर सारखाच येतो, त्या क्रमाला काही अर्थ नसतो. शब्द असेल तर डीफॉल्ट समर्पक, नसेल तर नवीन.

‘वाचकांची पसंती’ असा पर्याय मागितला जाईल, तेव्हा नुसत्या सरासरीवर लावू नका. एकाच माणसाने ५ तारे दिलेलं पुस्तक ३०० जणांच्या ४.६ च्या वर बसेल. प्रत्येक पुस्तकाला आधीच चार ताऱ्यांची दहा मतं पडली आहेत असं धरा. पहिल्याचं होतं पंचेचाळीस भागिले अकरा, म्हणजे ४.०९, दुसऱ्याचं १४२० भागिले ३१०, म्हणजे ४.५८. हा आकडा रात्री काढून कॉलममध्ये ठेवा. दर मताला थेट बदलत राहिलात, तर पानं उलटता उलटता क्रम हलतो आणि तुमची जुनी तक्रार नव्या दाराने परत येते.

वेगाबद्दल फार काळजी करू नका. दीड लाख ओळींतून वरच्या वीस निवडायला पोस्टग्रेस सगळं सॉर्ट करत नाही, वीसचाच ढीग सांभाळतो. प्रत्येक फिल्टर गुणिले प्रत्येक पर्याय असे इंडेक्स बनवू नका. पर्यायाला एक, आणि सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या फिल्टरसाठी ‘विषय, किंमत, आयडी’ असा एखादा. सापळा एकच लक्षात ठेवा. पोस्टग्रेसमध्येच शब्दशोध करून तारखेने लावून वीस मागितल्या, तर प्लॅनरला वाटतं की तारखेच्या इंडेक्सवरून मागे चालत गेलो की वीस लगेच सापडतील. शब्द नेहमीचा असेल तर सापडतातही. दुर्मीळ असेल तर तो पूर्ण टेबल चालून येतो, आणि लॉगमध्ये तीच क्वेरी एकदा क्षणात, एकदा काही सेकंदांत दिसते. अशा वेळी शोधाचा भाग मटेरियलाइज्ड सीटीईमध्ये (आधी स्वतंत्र पूर्ण होणाऱ्या उपक्वेरीत) टाका, म्हणजे आधी शोध, मग सॉर्ट. क्वेरी प्रत्यक्षात कशी चालली ते दाखवणारं एक्सप्लेन ॲनलाइझ दुर्मीळ शब्द देऊनच बघा.

उद्या एकच गोष्ट करणार असाल तर सगळ्या पर्यायांना आयडी जोडा आणि नल शेवटी टाका. तासाभराचं काम आहे, त्याने दोन तक्रारी जातील. ‘ळ’साठी आधी पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसच्या कमांड-लाइनवर) बॅकस्लॅश-एल करून डेटाबेसचं कोलेशन कोणतं ते बघा, आणि तुमच्या सूची बनवणाऱ्यांकडून ते आठ शब्द हाताने लावून घ्या.